तळटिपेतला एक शब्द : संशोधन छापण्याच्या जबाबदारीचा इतिहास

१.
१९३९ साली अमरावतीहून 'षट्खंडागम' या प्राचीन जैन ग्रंथाचा पहिला भाग, वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेसह, प्रथमच छापून प्रसिद्ध झाला. त्यातील त्र्याण्णवाव्या सूत्राखाली संपादकांनी एका ओळीची तळटीप दिली होती. या ठिकाणी 'संजद' हा शब्द गळून गेलेला दिसतो, एवढाच तिचा आशय. त्या एका शब्दावरून पुढे कित्येक वर्षे वाद पेटलेला राहिला, कारण स्त्रीला मोक्ष मिळू शकतो की नाही, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला होता.
या ग्रंथाच्या संशोधनकार्यात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील एक प्राध्यापक सहभागी होते. तो वाद आणि त्यानंतर जवळपास आठ दशकांनी पुण्यात झालेली शोधनियतकालिकांची एक तपासणी, या दोहोंचा हा धागा. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : छापलेल्या विधानाची जबाबदारी कोणाची?

२.
प्रथम ग्रंथाविषयी. परंपरा सांगते की गिरनारच्या गुंफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांनी आपल्याजवळचे आगमज्ञान लुप्त होऊ नये म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकविले आणि त्यांनी ते सूत्रबद्ध केले. तेच षट्खंडागम. त्यावर वीरसेनाचार्यांनी प्राकृत-संस्कृत मिश्र भाषेत लिहिलेली धवला टीका नवव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. परंपरा तिचा विस्तार बहात्तर हजार श्लोकांइतका सांगते.
दिगंबर जैनांच्या दृष्टीने यापेक्षा अधिक आदरणीय ग्रंथ नाही. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक जैन विद्वानांनीही तो वाचलेला नव्हता. तो दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या बसदीत, जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर, कडीकुलपात सुरक्षित होता. यात्रेकरू जात, पोथ्यांचे दर्शन घेत आणि परतत.

३.
सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने जीर्ण होत चाललेल्या या ताडपत्रांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. अट अशी की नकला मूडबिद्रीतच राहतील. नकलेचे काम करणाऱ्या गजपती उपाध्याय यांनी मात्र पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर होत असताना सीताराम शास्त्री यांनी पुन्हा एक प्रत स्वतःजवळ ठेवली आणि तिच्यावरून झालेल्या नकला अमरावती, आरा, कारंजा अशा ठिकाणी पसरल्या.
ग्रंथ जगापुढे आला तो अशा वाटेने. विश्वस्तांची परवानगी मोडली गेली हे खरे, आणि ती मोडली गेली नसती तर ग्रंथ आणखी किती वर्षे कुलपात राहिला असता हेही सांगता येत नाही. इतिहासाच्या साधनांपैकी अनेकांच्या प्रवासात अशी एखादी अवघड जागा सापडते.

४.
अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले हीरालाल जैन यांनी संपादनाची धुरा घेतली. भेलशाचे, म्हणजे आजच्या विदिशाचे, शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या देणगीतून निधी उभा राहिला. पंडित फूलचंद्र, पंडित हीरालाल शास्त्री, पंडित देवकीनंदन असे परंपरेत मुरलेले विद्वान सोबत होते, आणि कोल्हापूरहून डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये.
संपादकांच्या हाती अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती होत्या. तिन्ही प्रती नकलेच्या नकलेवरून केलेल्या. मूळ ताडपत्र मूडबिद्रीत, आणि आरंभी ते संपादकांना पाहायला मिळणे शक्य नव्हते. हातातील पुरावा दुय्यम दर्जाचा आहे, हे ठाऊक असताना काम करायचे होते.

५.
उपाध्ये यांचा जन्म १९०६ सालचा, आज बेळगाव जिल्ह्यात मोडणाऱ्या सदलगा या गावचा. १९३० साली ते राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच राहिले. पुढे शिवाजी विद्यापीठात ते कला शाखेचे अधिष्ठाता झाले. १९७५ साली कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.
मोठ्या शहरांतील ग्रंथालयांपासून दूर, संस्थानी राजधानीतील एका महाविद्यालयात बसून या माणसाने 'प्रवचनसार' (१९३५), 'परमात्मप्रकाश' (१९३७), 'वरांगचरित' (१९३८) आणि पुढे 'कुवलयमाला' अशा ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध केल्या. यांपैकी 'कुवलयमाला' हा आठव्या शतकातील ग्रंथ मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे, कारण निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांच्या बोलींचे नमुने देताना त्याच्या कर्त्याने मराठ्यांच्या बोलीचाही नमुना दिला आहे.

६.
चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या असतात आणि कोणत्याही दोन पोथ्या पूर्ण सारख्या नसतात. लेखनिकाची नजर घसरते, ओळ सुटते, एखादा शब्द दुसऱ्यासारखा वाचला जातो, कधी कोणी जाणूनबुजून बदलही करतो. संपादक सर्व प्रती ताडून पाहतो, त्यांतला अधिक विश्वसनीय पाठ वर घेतो आणि उरलेले पाठभेद तळाशी नोंदवितो.
तळाची नोंद हा या पद्धतीचा कणा. ती असल्यामुळे वाचक संपादकाशी असहमत होऊ शकतो. 'वरांगचरित' हे काव्य पूर्वी काही अभ्यासक रविषेणाचे मानीत. उपाध्ये यांनी ते जटासिंहनंदीचे असल्याचे दाखविले आणि दोन ताडपत्र पोथ्यांच्या आधारे ते प्रथमच संपादित केले. मत बदलले ते पुरावा मांडून, आणि तो पुरावा इतरांना तपासता येईल अशा रीतीने.

७.
आता ते सूत्र. जैन तत्त्वज्ञानात आत्म्याच्या आध्यात्मिक प्रगतीच्या चौदा पायऱ्या मानल्या आहेत. त्यांना गुणस्थाने म्हणतात. चौदाव्या पायरीपलीकडे मोक्ष. त्र्याण्णवाव्या सूत्राचा विषय 'मनुष्यिणी', म्हणजे मानवी स्त्री, आणि ती कोणकोणत्या गुणस्थानांत कोणत्या स्थितीत असते हा आहे.
संपादकांच्या हातातील प्रतींत ही यादी पाचव्या गुणस्थानाशी, 'संजदासंजद' या शब्दाशी थांबत होती. संस्कृतात 'संयतासंयत'. अर्थ असा की अंशतः संयम पाळणारी, गृहस्थाश्रमातील व्रती व्यक्ती. 'संजद' म्हणजे 'संयत', पूर्ण संयमी. तो शब्द पुढे असेल तर सहावी पायरी उघडते आणि तिच्याबरोबर चौदाव्या पायरीपर्यंतचा मार्ग.

८.
दिगंबर आणि श्वेतांबर या दोन जैन परंपरांमधील एक मोठा मतभेद नेमका येथे आहे. स्त्री त्याच देहाने मोक्षाला जाऊ शकते, असे श्वेतांबर मानतात. दिगंबर परंपरा ते नाकारते. आणि दिगंबरांच्या सर्वांत आदरणीय ग्रंथात, स्त्रीविषयीच्या सूत्रात, हा शब्द गळाला असल्याचे संपादक सांगत होते.
तिसरीही एक परंपरा होती. यापनीय संघाचे मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, परंतु स्त्रीमुक्ती मान्य करीत. हा संघ पुढे लुप्त झाला, पण कर्नाटकाच्या उत्तर भागात आणि कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात एके काळी त्याचे चांगले वास्तव्य होते. त्याविषयीचा उपाध्ये यांचा शोधनिबंध १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला होता. या मातीला हा प्रश्न नवा नव्हता.

९.
संपादकांनी हा शब्द कशाच्या आधारे सुचविला? पहिला आधार टीकेचा. या सूत्रावर लिहिताना वीरसेनाचार्य स्वतःच एक शंका उपस्थित करतात : या वचनावरून देहाने स्त्री असलेल्या व्यक्तीचा मोक्ष सिद्ध होणार नाही काय? आणि ते तिचे खंडन करतात. सूत्रातील यादी पाचव्या पायरीशीच थांबत असती तर ही शंका निघण्याचे कारणच नव्हते. टीकाकारासमोर असलेल्या सूत्रात तो शब्द असला पाहिजे, असा निष्कर्ष यावरून निघतो.
दुसरी गोष्ट लेखनिकांच्या सवयीची. 'संजदासंजद' आणि त्याला लागूनच 'संजद'. सारखी अक्षरे लागोपाठ आली की नक्कल करणाऱ्याची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरते आणि एक शब्द सुटतो. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ही चूक चांगली परिचित आहे.

१०.
संपादकांसमोर तीन वाटा होत्या.
हातातील प्रतींत जे आहे ते निमूटपणे छापायचे आणि शंका मनात ठेवायची, ही पहिली. तिच्यात वाद टळला असता. शब्द सूत्रात मिसळून टाकायचा आणि तो मूळचाच असल्यासारखा छापायचा, ही दुसरी. तिच्यात संपादकांचे अनुमान प्राचीन आचार्यांच्या तोंडी गेले असते. तिसरी वाट त्यांनी घेतली. सूत्र प्रतींनुसार ठेवले आणि शब्द गळाला असावा हे आपले मत तळाशी, आपले मत म्हणून, नोंदविले.
आज संशोधनाच्या नीतीवर अभ्यासक्रम शिकविले जातात. त्यांतील पुष्कळसा भाग या तिसऱ्या वाटेचेच विवरण आहे. आधारात काय आहे आणि आपण त्यावरून काय काढतो, या दोहोंमधली रेघ वाचकाला दिसली पाहिजे.

११.
वाद झालाच. संपादकांवर परंपरेला धक्का दिल्याचे आरोप झाले, लेख आणि पुस्तिका निघाल्या, पंडितांमध्ये तट पडले. काहींचे म्हणणे असे की सूत्र देहाने स्त्री असलेल्या व्यक्तीविषयी आहे, म्हणून तेथे 'संजद' असूच शकत नाही. उलट काही दिगंबर पंडितांचे म्हणणे असे की शब्द योग्यच आहे. 'मनुष्यिणी' म्हणजे येथे देहाने पुरुष पण भावाने स्त्री अशी व्यक्ती अभिप्रेत आहे, त्यामुळे शब्द ठेवल्याने दिगंबर सिद्धांताला बाध येत नाही.
हा दुसरा पक्ष लक्षात घेण्याजोगा आहे. शब्द मूळचा आहे हे मान्य करणे आणि त्या शब्दाचा अर्थ कसा लावावा हे ठरविणे, ही दोन कामे त्यांनी वेगळी ठेवली. पुराव्याने आपली अडचण होते म्हणून पुरावा बदलण्याची गरज त्यांना वाटली नाही.

१२.
निर्णय देणारा साक्षीदार एकच होता, मूडबिद्रीचे ताडपत्र. काळाच्या ओघात तेथील विश्वस्तांची भूमिका सैल झाली आणि छापलेला मजकूर मूळ ताडपत्रांशी ताडून पाहण्याची संधी मिळाली. त्र्याण्णवाव्या सूत्रात 'संजद' हा शब्द ताडपत्रावर होता. मधल्या नकलांत तो गळाला होता.
सोळा भागांचे हे प्रकाशन दोन दशके चालले. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९७३ साली पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती काढली आणि तीत तो शब्द सूत्रात आपल्या जागी आला. हीरालाल जैन यांचे निधन त्याच वर्षीचे. दुरुस्ती उघडपणे, नव्या आवृत्तीत, कारणासह झाली. १९३९ ची आवृत्ती आणि १९७३ ची आवृत्ती शेजारी ठेवून आजही कोणी हा प्रवास तपासू शकतो.

१३.
हा ग्रंथसंपादनाचा प्रसंग. शोधनियतकालिकांची गोष्ट त्याच तत्त्वावर उभी आहे. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हापासून विद्वानांचा पत्रव्यवहार छापील आणि सार्वजनिक होऊ लागला. मुंबईत जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली 'इंडियन अँटिक्वेरी' काढले. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि दोनच वर्षांत त्याचे 'अ‍ॅनल्स' सुरू झाले. उपाध्ये यांचे अनेक निबंध या 'अ‍ॅनल्स'मध्येच आलेले आहेत.
लेख छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांनी तो तपासावा, ही प्रथा मात्र सर्वत्र एकदम आली नाही. 'नेचर'सारख्या नियतकालिकातही ती १९७३ च्या सुमारास नियमित झाली. तोवर बराचसा भार संपादकाच्या वाचनावर असे.

१४.
आणि संपादकाने वाचलेच नाही तर? गोव्यात जन्मलेले, पुढे पुण्यात स्थायिक झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ऐन तरुणपणी याची एक मासलेवाईक परीक्षा घेतली. १९३१ साली अलीगढला असताना त्यांनी संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक गणिती निबंध प्रसिद्ध केला. त्यात बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या सिद्धांताचा आधार होता. असा गणितज्ञ कधी झालाच नव्हता. आंद्रे वेल या फ्रेंच सहकाऱ्याच्या सुचवणीवरून, एका वरिष्ठ सहकाऱ्याची जिरविण्यासाठी केलेली ती थट्टा होती. निबंध छापला गेला. पुढे वेल आणि त्यांच्या मित्रांनी हेच नाव आपल्या गणितज्ञांच्या मंडळासाठी वापरले आणि ते जगप्रसिद्ध झाले.
थट्टा गमतीची असली तरी तिने दाखविलेली गोष्ट गमतीची नाही. आधार दिला आहे एवढे पाहून थांबणारा आणि आधार अस्तित्वात आहे का हे पाहणारा, हे दोन वेगळे संपादक असतात.

१५.
कोसंबींच्या काळात लेख छापून आल्याने नोकरीत थेट गुण मिळत नसत. ते चित्र एकविसाव्या शतकात पालटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे बंधनकारक झाले. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती गुणांकनाशी जोडली. परीक्षित नियतकालिकातील निबंधाला १५ गुण. परीक्षित नसलेल्या, पण मान्यताप्राप्त आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातील निबंधाला १० गुण.
हेतू प्राध्यापकांनी संशोधन करावे हाच होता. परिणाम वेगळा झाला. विद्यापीठांच्या शहरांपासून दूर, ग्रंथालयाचा आधार तुटपुंजा असलेल्या, आठवड्याचे तास आणि परीक्षांचे काम यांनी भरलेल्या महाविद्यालयातही निबंध हवेच होते. मागणी निर्माण झाली आणि ती पुरवणारा बाजारही.

१६.
पैसे घेऊन, न वाचता, काही दिवसांत लेख छापून देणारी नियतकालिके जगभर उगवली. अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास त्यांना भक्षक नियतकालिके असे नाव दिले. २०१३ साली जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स'साठी एक प्रयोग केला. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट वैद्यकीय निबंध त्यांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे तो पाठविला होता त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश नियतकालिके भारतातील होती.
कोसंबींनी एका संपादकाला फसविले होते. येथे फसविण्यासारखे कोणी उरलेच नव्हते, कारण लेख वाचणारा माणूस व्यवहारातून वजा झाला होता.

१७.
यावर उपाय म्हणून आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. तीत ३८,६५३ नावे होती. त्यांतील एक भाग विद्यापीठांनी केलेल्या शिफारशींवरून आलेला होता. पुण्यातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागाची तपासणी केली आणि निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडले.
त्यांनी निवडलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिकांची निकषांवर छाननी झाली. ३४.५ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांवरच बाद ठरली. पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे ही मूलभूत माहिती चुकीची होती किंवा नव्हतीच. आणखी ५२.३ टक्क्यांनी आयएसएसएन क्रमांक चुकीचा देणे, प्रभावांकाचा खोटा दावा करणे, संशयास्पद सूचींचा हवाला देणे असे प्रकार केलेले होते किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच तोकडी होती. एकंदर ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असण्याचा संभव त्यांनी दर्शविला.

१८.
या आकड्यांतील सर्वांत बोलकी बाब दर्जाची नसून शिफारशीची आहे. ही नावे यादीत आपोआप आलेली नव्हती. कुठल्या तरी विद्यापीठात कोणीतरी ती सुचविली होती, कुठल्या तरी समितीने ती पुढे धाडली होती. संपादकांचे नाव आहे का, पत्ता खरा आहे का, एवढे पाहायला तज्ज्ञ लागत नाही.
२ मे २०१८ रोजी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी जुलैमध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम आले, ज्यांत साम्याच्या टक्केवारीनुसार दंडाच्या पायऱ्या ठरविल्या. नोव्हेंबरमध्ये 'केअर' या नव्या यादीची घोषणा झाली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रकाशननीती केंद्राकडे आले. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधन व प्रकाशननीती हा दोन श्रेयांकांचा विषयही पुढे अनिवार्य झाला.

१९.
यादी कडक झाली तेव्हा बाजाराने यादीतीलच नावे चोरायला सुरुवात केली. जुन्या, प्रतिष्ठित, विशेषतः छापील स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकांचे नाव आणि आयएसएसएन क्रमांक उचलून बनावट प्रतिरूपे उभी राहिली. ज्या 'अ‍ॅनल्स'मध्ये उपाध्ये यांनी अपभ्रंश आणि पैशाची भाषांवर लिहिले, त्या भांडारकर संस्थेच्या 'अ‍ॅनल्स'च्या नावानेही असा बनावट व्यवहार झाला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचीही तीच गत. प्राच्यविद्येच्या नियतकालिकाच्या नावाखाली वाणिज्य आणि व्यवस्थापनाचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले.
पोथीतील गळालेल्या शब्दाचा शोध घेताना प्रश्न असे की हा मजकूर मूळ आहे की नकलेत बिघडलेला. शंभर वर्षे जुन्या नियतकालिकाविषयीच आता तो प्रश्न विचारावा लागतो.

२०.
पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' यादीही बंद करण्यात आली. नियतकालिक कसे निवडावे याचे काही सूचक निकष देऊन निर्णय उच्च शिक्षणसंस्थांवर आणि संशोधकांवर सोपविला गेला.
आठ वर्षांत दोन याद्या आल्या आणि गेल्या. जबाबदारी पुन्हा तेथेच आली जेथे ती १९३९ साली होती : लिहिणारा, तपासणारा, संपादन करणारा आणि त्यांच्यामागे उभी असलेली संस्था. विद्यापीठाचे किंवा महाविद्यालयाचे नियतकालिक असो, की एखाद्या इतिहास परिषदेच्या निबंधांचा संग्रह, त्याला हे आपले आपणच ठरवावे लागणार आहे.

२१.
षट्खंडागमाच्या प्रसंगातून प्रत्येकाच्या वाट्याची जबाबदारी बरीच स्पष्ट होते.
लेखकाने आपले साधन स्वतः पाहिले आहे की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले आहे, हे सांगायचे. अमरावतीच्या संपादकांनी आपल्या प्रती नकलेच्या नकला आहेत हे प्रस्तावनेत लपविले नाही. परीक्षकाने निष्कर्ष आपल्याला रुचतो की नाही हे बाजूला ठेवून पुरावा पुरेसा आहे का ते पाहायचे. 'संजद' मान्य करणाऱ्या दिगंबर पंडितांनी ते केले. संपादकाने आपले अनुमान मूळ मजकुरात मिसळू द्यायचे नाही, आणि चूक किंवा उणीव सिद्ध झाली की दुरुस्ती तितक्याच ठळकपणे छापायची. संस्थेने साधने अभ्यासकांना खुली करायची. मूडबिद्रीचे कुलूप उघडले तेव्हाच वाद निकाली निघू शकला.
निबंधावर नाव कोणाचे असावे, हाही यातलाच भाग. ज्यांनी मदत केली त्या पंडितांची नावे मुखपृष्ठावर आपापल्या भूमिकेसह छापलेली आहेत. ज्याने काही केले नाही त्याचे नाव घालणे आणि ज्याने केले त्याचे गाळणे, दोन्ही सारखेच.

२२.
इतिहासाच्या क्षेत्रात याचे मोल अधिक आहे. खोट्या वैद्यकीय निबंधाचा प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहता येतो. एखाद्या गावाच्या, घराण्याच्या किंवा जातीच्या इतिहासाविषयी न तपासता छापलेले विधान मात्र पुढच्या निबंधात आधार म्हणून येते, तेथून पाठ्यपुस्तकात, तेथून भाषणात. काही वर्षांनी त्याचा उगम शोधणाऱ्याला दहा संदर्भ सापडतात आणि दहाही एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. त्या ठिकाणी कोणी काही वाचलेलेच नसते.
म्हणून आपला पहिला निबंध पाठविण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही साध्या गोष्टी पाहाव्यात. नियतकालिकाच्या संपादकांची नावे खरी आहेत का, त्यांनी त्या विषयात काही लिहिले आहे का, मागील अंक वाचायला मिळतात का, त्यांतील निबंध एकाच ज्ञानशाखेचे आहेत का, परीक्षकाचा अभिप्राय येतो का, की पैसे भरल्याची पावतीच आधी येते. या तपासणीला एक दुपार पुरते.

२३.
१९३९ च्या त्या तळटिपेचे वैशिष्ट्य ती पुढे खरी ठरली, एवढेच नाही. ताडपत्रावर तो शब्द सापडला नसता, तरीही ती टीप प्रामाणिकच राहिली असती. तिने वाचकाला प्रतींत काय आहे ते दाखविले होते, संपादकांना काय वाटते ते वेगळे सांगितले होते आणि कोणत्या पुराव्याने हे मत खोडता येईल याची वाट मोकळी ठेवली होती. विरोधकांनाही वाद घालता आला तो त्या टिपेमुळेच. शब्द गुपचूप गाळला असता किंवा गुपचूप घातला असता, तर मूडबिद्रीला जाऊन ताडपत्र पाहावे असे कोणाला सुचलेही नसते.